फलक इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत

डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीज केंद्राचं धुरांडं सुमारे २७५ मीटर उंच आहे. गावातले लोक त्याला थर्मलची चिमणी म्हणतात. किनाऱ्यावर सूर्यास्ताचा फोटो काढायला उभं राहिलं तर बहुतेक वेळा ती चौकटीत येतेच. मग मागून कुणीतरी सांगतं, "अहो, तिचा फोटो काढू नका. बंदी असते, पोलीस धरतील." सांगणाऱ्याच्या मनात आपलं भलंच असतं. पण ही बंदी नेमकी कुठे लिहिली आहे, असं विचारलं तर उत्तर येत नाही. ते शोधायला निघालं की कायद्याच्या पुस्तकात एक असं वाक्य सापडतं की ते वाचल्यावर मी थक्क झाले.

कायदा १९२३ चा, इंग्रजांनी केलेला, आजही लागू असलेला. नाव ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे शासकीय गुपितांचा कायदा. त्यात 'निषिद्ध जागा' कोणत्या ते सांगितलं आहे आणि 'रेखाचित्र' या शब्दात फोटोही धरला आहे. संरक्षणाची बांधकामं, लष्कर-नौदल-हवाई दलाचे तळ, दारूगोळ्याचे कारखाने या जागा मुळातच निषिद्ध. पण रेल्वे, रस्ते, पूल, पाणी, गॅस आणि विजेची केंद्रं आपोआप निषिद्ध ठरत नाहीत. तिथली माहिती शत्रूच्या उपयोगाची आहे, या कारणाने केंद्र सरकारने ती जागा अधिसूचना काढून घोषित करायला हवी. आणि तेवढंही पुरत नाही. त्या अधिसूचनेची प्रत त्या जागेवर लावलेली हवी, इंग्रजीत आणि त्या परिसराच्या भाषेत.

हे वाक्य कुणी लिहिलं ते ध्यानात घ्या. ज्या राजवटीला आपल्याच प्रजेचा संशय येत होता, तिने हेरगिरीविरुद्ध केलेला हा कायदा आहे. त्या कायद्यालाही मान्य करावं लागलं की लोकांना वाचता येईल अशा भाषेत सांगितल्याशिवाय साधी सरकारी जागा 'निषिद्ध' होत नाही. म्हणजे चिमणीचा फोटो काढावा की नाही, याचं उत्तर आधी फाटकावरच्या फलकात शोधायचं. शिवाय नुसता फोटो काढल्याने हेरगिरीचा गुन्हा होत नाही. तो राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक अशा हेतूने काढलेला असावा लागतो. दक्षिणेला पालघर तालुक्यातल्या तारापूरची गोष्ट मात्र वेगळी. १९६९ पासून वीज देणाऱ्या त्या अणुकेंद्राला अणुऊर्जेविषयीच्या कायद्याचं स्वतंत्र संरक्षण आहे, आणि अणुप्रकल्पाची माहिती फोटोतून उघड करण्यावरही सरकार त्याखाली निर्बंध घालू शकतं. तिथे वाद घालण्यात शहाणपण नाही.

डहाणूशेजारच्या तलासरीत 'परिसराची भाषा' कोणती धरायची, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कागदोपत्री मराठी. गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यावर गुजराती तितकीच चालते. आणि पाड्यावर, घरात, रानात वारली. कायद्याने भाषेचं नाव घातलं नाही. ऐकणारा जिथला असेल तिथली भाषा, एवढंच त्याचं म्हणणं.

आता पोलीस ठाण्याकडे येऊ. बहुतेक माणसं ठाण्याच्या पायरीवरच मोबाईल खिशात टाकतात. आत शूटिंग केलं तर मोठा गुन्हा, असा समज अधिकाऱ्यांपासून तक्रारदारांपर्यंत सर्वांचाच असतो. २०१८ च्या मार्चमध्ये वर्धा शहर पोलीस ठाण्यात शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार घेऊन एक नवरा-बायको गेले. तिथलं बोलणं नवरा मोबाईलवर चित्रित करतोय, असं पोलिसांच्या लक्षात आलं आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला तो थेट शासकीय गुपितांच्या कायद्याखाली! शेजाऱ्याशी भांडलेला माणूस हेरगिरीच्या कलमात अडकला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलं. जुलै २०२२ मध्ये न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मीकी मिनेझिस यांनी व्याख्या शब्दाशब्दाने तपासली. तळ, कारखाने, घोषित केलेल्या जागा असं सगळं तिच्यात आहे, पोलीस ठाणं नाही. ही व्याख्या परिपूर्ण आहे, तिच्यात आपल्या सोयीने भर घालता येत नाही, असं म्हणून त्यांनी गुन्हा रद्द केला. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, पाथर्डीच्या पोलीस ठाण्यातलं संभाषण रेकॉर्ड केल्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही तेच सांगितलं.

यातला विचार एवढाच की कायद्यात नसलेली बंदी कुणाच्या मनात असली म्हणून लागू होत नाही. 'फोटो काढण्याचा हक्क' असं कलम राज्यघटनेत शोधून सापडणार नाही, कारण घटनेची मांडणीच उलटी आहे. अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आधी दिलं आणि त्याच्यावरचे निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतील ती कारणं मोजून लिहिली. कारण दाखवायची जबाबदारी अडवणाऱ्यावर आहे.

आपल्याच जिल्ह्याने हे एकदा देशाला दाखवलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यात असताना, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या चार ओळींसाठी एका तरुणीला, आणि ती पोस्ट 'लाईक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, अटक झाली. या अटकेने देश हलला, याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरलं. निकाल न्या. रोहिंटन नरिमन यांनी लिहिला होता.

याच न्यायमूर्तींनी २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात आणखी एक निकाल लिहिला, आणि तो प्रत्येक तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचतो. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत: प्रवेशद्वारावर, कोठडीत आणि कोठडीबाहेर, व्हरांड्यात, अधिकाऱ्याच्या खोलीत, ठाण्याच्या मागच्या बाजूलाही. अंधारातलं दिसेल असे, आवाजासकट. चित्रण १८ महिने साठवायचं. तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष. आणि ठाण्याच्या दाराशी व आत मोठे फलक लावायचे, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत: इथे कॅमेरे आहेत, मानवी हक्कांचा भंग झाला तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे, मानवी हक्क न्यायालयाकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते, आणि ते चित्रण जपून ठेवायला लावण्याचा पीडिताला हक्क आहे. १९२३ मध्ये स्थानिक भाषेतला फलक 'इकडे बघू नका' असं सांगायला लागायचा. २०२० मध्ये 'आमच्याकडे बघितलं जातंय' हे सांगायला लावायचा आहे. सत्त्याण्णव वर्षांत फलकाचं तोंड फिरलं! पुढच्या वेळी कासा, तलासरी, घोलवड, डहाणू, कुठल्याही ठाण्यात जाण्याची वेळ आली तर दाराशी तो फलक आहे का ते जरूर पाहावं.

याचा अर्थ ठाण्यात वाटेल ते टिपावं असा मात्र नाही. बाकावर एखादी मुलगी तक्रार द्यायला बसलेली असू शकते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा कोणत्याही प्रकरणातल्या बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मला तर याच्याही पुढे जाऊन म्हणायचं आहे. तारपा नाचाचे, पाड्यावरच्या बायकांचे, पाणी भरणाऱ्या पोरींचे फोटो पाहुणे न विचारता काढतात आणि आपल्या पानावर टाकतात. कायदा त्यांना बहुधा अडवणार नाही. पण ज्या समाजाकडे सत्तेने आणि शहराने कायम भिंगातूनच पाहिलं, त्याला आधी विचारायची रीत आपण पाळायला हवी.

रस्त्यावरचा नियम काय? राष्ट्रीय महामार्गावर नाकाबंदी आहे, हवालदार गाडीचे कागद तपासतोय, आणि दहा पावलांवरून कुणी चित्रण करतंय. 'सरकारी कामात अडथळा' हे शब्द अशा वेळी हमखास ऐकू येतात. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी दोन वेगळी कलमं आहेत. १३२ व्या कलमाला, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या ३५३ ला, हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. २२१ व्या, म्हणजे जुन्या १८६ ला, प्रत्यक्ष अडवणूक लागते. दूर उभं राहून कॅमेरा धरण्यात यातलं काहीच नाही. पण त्याच माणसाने दोन पोलिसांच्या मध्ये घुसून फोन तोंडासमोर नाचवला, तर चित्र पालटतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ६८ खाली पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणं नागरिकावर बंधनकारक आहे. 'मागे व्हा' ही वाजवी सूचना होऊ शकते. मनाई आदेशाची गोष्ट निराळी. सणासुदीला किंवा आंदोलनाच्या काळात त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात आदेश निघतात. आदेश आहे असं सांगितलं गेलं तर तो मागावा आणि वाचावा, कारण आदेशात जे लिहिलं आहे तेवढीच मनाई.

'डिलिट मार' या हुकमाबद्दल थोडं सविस्तर. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस फोन जप्त करू शकतात; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ तो अधिकार देतं आणि जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्याला पाठवायला लावतं. पण फोनमधलं चित्रण नागरिकाला पुसायला लावण्याचा अधिकार देणारं कलम या संहितेत मला सापडलं नाही. उलट पुरावा म्हणून न्यायालयात सादर होऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद सादर होऊ नये म्हणून नष्ट करणं हाच न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. चित्रण बेकायदा असेल तर ते पुरावा आहे, आणि कायदेशीर असेल तर पुसायचं कारणच नाही. दोन्ही वाटांनी ते जागच्या जागी राहायला हवं.

या मुलखात चित्रण नसण्याची किंमत काय असते, हे १० ऑक्टोबर १९४५ या तारखेला विचारावं. त्या वर्षी मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद भरली होती, आणि गोदावरी परुळेकरांच्या, वारल्यांच्या गोदाराणीच्या, पाठीशी उभं राहून माणसं वेठबिगारी नाकारू लागली होती. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. तेव्हा गोदाराणीच्या नावाने खोटा निरोप पाड्यापाड्यांवर फिरवला गेला आणि तलवाड्याला हजारो आदिवासी जमले. दुसरीकडे पोलिसांना सांगण्यात आलं की जमाव चालून येणार आहे. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाचजण मारले गेले. या रात्रीचा एकही फोटो माझ्या पाहण्यात नाही. ती आपल्यापर्यंत आली ती लोकांच्या आठवणीतून आणि परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकातून. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक नसतं, तर तलवाड्याची रात्र सरकारी दप्तरातल्या एखाद्या ओळीत मावली असती.

पंच्याहत्तर वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, त्याच मुलखात पुन्हा अफवा आली, पुन्हा जमाव आला, पुन्हा पोलीस तिथे होते. टाळेबंदीचे दिवस. मुलं पळवणारे, मूत्रपिंड काढणारे चोर फिरतायत, असे संदेश मोबाईलवरून गावोगाव पोहोचले होते, लोक रात्री जागून पहारा देत होते. कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे वन खात्याच्या चौकीजवळ एक गाडी अडवली गेली. सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार केलं. या वेळी मात्र अनेकांच्या हातात फोन होते. तीन दिवसांनी त्या चित्रफिती देशभर पोहोचल्या आणि पोलिसांच्या देखत काय घडलं ते सर्वांनी पाहिलं. पोलिसांचं निलंबन झालं, तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, पुढे कासा ठाण्याच्या तिघांना बडतर्फ करण्यात आलं. चित्रण नसतं तर हे इतक्या वेगाने झालं असतं, असं मला वाटत नाही. सव्वा महिन्याने अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा असताना सतरा वर्षांची एक मुलगी फोन धरून उभी राहिली, आणि तिथेही सुरुवातीच्या पोलिसी निवेदनापेक्षा तिचं चित्रण खरं ठरलं.

पण गडचिंचल्याने दुसरीही बाजू दाखवली. चित्रफितीत काय घडलं ते दिसतं, का घडलं ते दिसत नाही. ती रिकामी जागा लगेच भरली गेली. गोंगाटात कुणीतरी "ओय बस, ओय बस" ओरडत होतं. ते 'शोएब' आहे असं सांगत फीत पुढे पाठवली गेली, आणि आधी सांगितल्यावर हजारो कानांना तेच ऐकू आलं. अखेर तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांची यादीच जाहीर करावी लागली; त्यात एकही मुसलमान नव्हता. हत्येआधी जशी अफवा मोबाईलवरून फिरली, तशीच हत्येनंतरही, आणि दुसऱ्या खेपेला तिच्या सोबतीला खरं चित्रण होतं.

मग न्यायालय चित्रणावर विश्वास ठेवतं तरी कसं? इथे विज्ञान आणि कायदा हातात हात घालून चालतात आणि मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. पुन्हा एक महाराष्ट्राचा खटला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. पण त्या चित्रणाला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा न्या. नरिमन यांच्याच लेखणीतून, नियम स्पष्ट केला: प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच, पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारं केलं त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा देता येणार नाही. आणि मूळ फोनच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सादर केला तर प्रमाणपत्राची गरजच नाही.

आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात 'हॅश' लिहावा लागतो. चित्रफितीची फाईल एका गणिती प्रक्रियेतून काढायची. एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर फाईल दहा सेकंदांची असो वा दहा तासांची, उत्तर नेहमी ६४ अक्षर-अंकांचंच येतं. फाईलमधला एक ठिपका बदला, उत्तर पूर्ण वेगळं. शक्य उत्तरांची संख्या ७८ अंकी आहे, त्यामुळे ठरवूनही दोन वेगळ्या फायली एकाच उत्तराला आणणं व्यवहारात शक्य नाही. चित्राचा हा अंगठाच म्हणा. मळणीचा गहू मोजून कोठारात ठेवताना मापावर शिक्का मारावा, तसं फाईल हाती आल्याक्षणी हॅश नोंदवला की नंतर तिला कुणी हात लावला का ते कळतं. आणि म्हणूनच व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखी पाठवलेली फीत कच्ची ठरते. ॲप पाठवताना फाईल आकसवतं, म्हणजे चित्र डोळ्यांना तेच दिसलं तरी फाईल नवी, हॅश नवा. लाखोंनी पाहिलेली फीत आणि न्यायालयाला हवी असलेली फीत या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. दुसरी असते ती ज्याने चित्रण केलं त्याच्या फोनमध्ये, मूळ तारीख-वेळेसह. ती पुढे पाठवून फोन मोकळा करणारा माणूस नकळत पुरावाच टाकून देतो.

साक्ष अधिनियमाबरोबरच लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने कॅमेरा पोलिसांच्या हातातही सक्तीने दिला. कलम १०५ प्रमाणे घराची झडती आणि जप्ती, जप्त वस्तूंच्या यादीवर पंचांच्या सह्या होईपर्यंत, दृकश्राव्य साधनाने आणि शक्यतो मोबाईलवर चित्रित व्हायला हवी. ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. ज्याला पंचनाम्याचा कागद वाचता येत नाही आणि तरी त्यावर अंगठा द्यावा लागतो, त्याच्यासाठी या तरतुदीइतकी मोठी गोष्ट क्वचितच झाली असेल. पाड्यावरच्या कुडाच्या घरात काय सापडलं आणि काय बाहेरून आणलं गेलं, हे आता दिसू शकतं. झडतीला आलेल्या साहेबांना "शूटिंग चालू आहे ना?" असं विचारणं उद्धटपणा नाही, संहितेचाच प्रश्न आहे तो.

राज्याने माणसाचा फोटो काढण्याचा कायदा त्याहून जुना आहे. १९२० पासून कैद्यांची मापं आणि फोटो घेतले जात. २०२२ मध्ये त्या कायद्याच्या जागी फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम आला. त्यात बोटांच्या ठशांबरोबर तळहात, बुबुळं आणि शारीरिक नमुनेही आले, आणि ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं ठेवता येते. ठाण्याच्या व्हरांड्यातलं चित्रण १८ महिने, अटक झालेल्याच्या बुबुळांची नोंद ७५ वर्षं. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला आणि पुढची अपिलं संपली, तर न्यायालयाने वेगळं न सांगितल्यास ही नोंद नष्ट करावी, असं अधिनियमात आहे. तलासरीहून डहाणूच्या न्यायालयात तारखांना येणाऱ्या आणि शेवटी सुटणाऱ्या माणसाला हे निकालाच्या दिवशी कुणी सांगत नाही. वकिलाने निकालाची नक्कल त्याच्या हातात देताना त्याच वेळी नोंद नष्ट करण्याचा अर्जही लिहून द्यायला हवा.